नाशिकहून मुंबईला: घर विकत घ्यावं की भाड्याने राहावं?

अबोली_नाशिक

मंडळी, सल्ला हवाय. थोडं सविस्तर लिहिते, नाहीतर पहिले वीस प्रतिसाद प्रश्न विचारण्यातच जातात.

मला बढती मिळून बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुल) ऑफिसात जायचंय. नवऱ्याला ऐरोलीत नोकरी मिळाली आहे. मुलगा तिसरीत, म्हणजे जूनच्या आत हलायला हवं. दोघांच्या मधली जागा म्हणून मुलुंड पूर्व जवळपास नक्की केलंय. त्याला पुलावरून थेट ऐरोली, मला लोकलने कुर्ला आणि पुढे बस नाहीतर शेअर रिक्षा.

नाशिकला इंदिरानगरात आमचा टू बीएचके आहे. २०१२ साली २८ लाखांना घेतला, कर्ज फिटलंय, आज एजंट ६५ लाख सांगतात. सासूबाई आमच्याबरोबरच राहतात. एफडी, म्युच्युअल फंड वगैरे मिळून ३५ लाख आहेत. दोघांचे मिळून महिन्याला १ लाख ९० हजार हातात येतात.

मुलुंडला जे टू बीएचके पाहिले ते विकत १ कोटी ६० लाखांच्या आसपास आणि भाड्याने ४५ हजार.

सासर-माहेर दोन्हीकडून एकच सूर, "भाडं म्हणजे पैसे पाण्यात. नाशिकचं विका, तिकडे घ्या आणि मोकळे व्हा." नवराही तिकडेच झुकलाय. सासूबाईंना विचारलं तर "तुम्ही ठरवाल ते" म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला उठल्या. त्या उठण्यातून जे कळायचं ते मला कळलं.

तुमच्यापैकी कोणी असं गाव सोडून महागड्या शहरात गेलंय का? काय केलंत?

हिशेबनीस

आधी आकडे बघू, मग भावना.

७५ लाखांवरच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ७५ टक्केच देता येतात, ही रिझर्व्ह बँकेची मर्यादा. म्हणजे १ कोटी ६० लाखांवर कर्ज जास्तीत जास्त १ कोटी २० लाख, ४० लाख तुमचे. त्यावर मुद्रांक शुल्क मुंबईत मेट्रोचा अधिभार धरून ६ टक्के, म्हणजे ९ लाख ६० हजार. नोंदणीचे ३० हजार. हे खर्च कर्जात बसत नाहीत, खिशातून द्यायचे. घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर बायकांसाठीची एक टक्का सवलत मिळून १ लाख ६० हजार वाचतील. दलाली धरा. किल्ली हातात पडेपर्यंत ५० लाखांच्या वर गेलात. तुमच्याकडे आहेत ३५.

म्हणजे नाशिकचं घर विकल्याशिवाय मुंबईचं घेताच येत नाही. विकत की भाड्याने हा प्रश्न दुसरा, नाशिकचं विकायचं का हा पहिला. धागा त्या नावाने काढायला हवा होता :)

आता "पाण्यात". १ कोटी २० लाखांचं कर्ज, ८ टक्के, २० वर्षं. हप्ता साधारण १ लाख ४०० रुपये. पहिल्या हप्त्यातले ८० हजार नुसतं व्याज आणि मुद्दल २० हजार. ४५ हजार भाडं पाण्यात जातं म्हणणाऱ्यांनी हे ८० हजार कुठे जातात तेही सांगावं.

खवचट_काका

हे असले हिशेब मी १९९४ पासून ऐकतोय. ज्यांनी हिशेब केला ते अजून भाड्याने राहतात, ज्यांनी केला नाही त्यांची मुलं आज त्या घरांचे रीडेव्हलपमेंटचे पैसे मोजताहेत. मुंबईत जागेचा भाव उतरलेला मी पाहिलेला नाही. घ्या आणि विसरा.

प्राजक्ती

काका, उतरला नसेल पण वर्षानुवर्षं बसून राहिला होता की. २०१४ नंतर पाच-सहा वर्षं आमच्याकडे सोसायटीत भाव हलत नव्हता, विकायला काढलेले फ्लॅट तसेच पडून. शेवटी २०२० मधे सरकारनेच काही महिने मुद्रांक शुल्क २ टक्क्यांवर आणलं तेव्हा कुठे गिऱ्हाईक फिरकलं. त्या मधल्या काळात हप्ता मात्र थांबत नाही.

मुलुंड_पूर्व

हिशेबनीस, तुमचा हप्ता फुगवलेला आहे. नाशिक विकलं तर ६५ अधिक ३५, शंभर लाख झाले. त्यातले आठ लाख अडीअडचणीला बाजूला ठेवा. ९२ घाला, घर आणि वरचे खर्च मिळून १ कोटी ७२ लाख लागतील, म्हणजे कर्ज ८० लाख. हप्ता ६७ हजार. १ लाख ९० हजार पगारात ६७ हजार म्हणजे काही आभाळ कोसळत नाही. भाडं ४५ देणारच आहेत, वरचे २२ टाकून घर स्वतःचं. मीही असंच केलं, आज झोप शांत लागते.

हिशेबनीस

मान्य, पण मग ते ९२ लाखही हिशेबात घ्या ना. ते फुकटचे नाहीत. साध्या एफडीत साडेसहा टक्के धरले तरी वर्षाला सहा लाख सुटतात. ८० लाखांचं पहिल्या वर्षाचं व्याज ६ लाख ४० हजारांच्या आत. सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर मिळून ६० हजार. एकूण १३ लाख. भाडं वर्षाचं ५ लाख ४० हजार. फरक ७ लाख ६० हजार.

म्हणजे घराचा भाव दर वर्षी पावणेपाच टक्क्यांनी वाढला तर तुम्ही बरोबरीत. त्याच्या वर वाढला तर विकत घेणारा शहाणा, खाली राहिला तर भाडेकरू. पुढे भाडंही वाढेल, त्यामुळे ही रेघ हळूहळू खाली येते. म्हणून दहा वर्षं राहणार असाल तर घ्या म्हणेन, तीन वर्षं असेल तर नको. कारण मुद्रांक शुल्क आणि दलाली हे परत न मिळणारे बारा लाख तीन वर्षांत वसूल होत नाहीत.

अबोली, तुमची नोकरी किती वर्षं मुंबईत?

अबोली_नाशिक

तोच तर घोळ आहे. माझी कंपनी तीन वर्षांनी परत पाठवते किंवा पाठवत नाही. नवरा म्हणतो एकदा मुंबईत गेलेला माणूस परत येत नाही.

आणि हो, कराचं कोणी सांगेल का? आम्हा दोघांना ऑफिसात "गृहकर्ज घ्या, कर वाचेल" असं सगळेच सांगतात.

दस्तावाली

मी नोंदणीच्या कामातली आहे, सीए नाही, तरी सांगते. तुम्ही नव्या करपद्धतीत असाल तर स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही आणि एचआरएची (घरभाडे भत्त्याची) सूटही नाही. दोन्हीकडे शून्य. जुन्या पद्धतीत व्याजाला वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट आणि भाड्याने राहिलात तर एचआरए. आता बहुतेक पगारदार नव्या पद्धतीत गेलेत, त्यामुळे "कर वाचेल" हे वाक्य जुनं झालंय. ऑफिसात विचारा कोणत्या पद्धतीत आहात.

नाशिकचं विकलंत तर नफ्यावर कर येईल. तुमचं घर जुलै २०२४ च्या आधीचं, म्हणून दोन पर्याय. सरळ नफ्यावर १२.५ टक्के, किंवा महागाई निर्देशांक लावून २० टक्के. २०१२-१३ चा निर्देशांक २०० आणि २०२५-२६ चा ३७६, म्हणजे तुमचे २८ लाख होतात ५२ लाख ६४ हजार. नफा उरतो १२ लाख ३६ हजार, कर अडीच लाखांच्या आत. दुसऱ्या रस्त्याने ३७ लाखांवर १२.५ टक्के, साडेचार लाखांच्या वर. तुम्हाला निर्देशांकच फायद्याचा.

आणि तो नफा दुसऱ्या राहत्या घरात घातला तर करच नाही. विकल्यापासून दोन वर्षांच्या आत घर विकत घ्यायचं. रिटर्न भरायच्या तारखेपर्यंत घेतलं नाही तर पैसे बँकेत कॅपिटल गेन खात्यात ठेवायचे. सांगायचा मुद्दा, नाशिक विकलं म्हणून त्याच महिन्यात मुलुंडला घर घेण्याची घाई नाही. दोन वर्षं हातात आहेत.

खवचट_काका

सिंहस्थ २०२७ मधे. तेव्हा नाशिकचे भाव बघा. आत्ता विकणारा मूर्ख.

गंगापूर_रोड

काका, सिंहस्थात रस्ते रुंद होतात, इंदिरानगरातला चौदा वर्षांचा फ्लॅट रुंद होत नाही. घाटाजवळची जागा वेगळी. आमच्याकडे मागच्या सिंहस्थाच्या वेळीही हेच ऐकलं होतं.

कोपर_हॉल्ट

मुलुंडचाच हट्ट का? डोंबिवलीला टू बीएचके निम्म्या पैशात येतो. नाशिक न विकता घ्याल. मी रोज डोंबिवलीहून कुर्ल्याला जातो.

प्राजक्ती

सकाळी आठच्या गाडीत तिसरीतल्या मुलाला घेऊन एकदा चढून दाखवा म्हणावं. आणि नवऱ्याची ऐरोली डोंबिवलीहून म्हणजे ठाण्याला उतरून पुन्हा ट्रान्सहार्बर. विकत घेताना माणूस चौरस फुटाचा भाव बघतो, रोजचे अडीच तास बघत नाही.

डोंबिवलीत घेणारच असाल तर नुसता महारेराचा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण) नंबर बघून हुरळू नका. तिथल्या ६५ इमारतींनी पालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून रेराचे नंबर मिळवले होते आणि २०२४ च्या अखेरीस उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. आत राहणाऱ्यांनी कर्जं काढलेली. परवानगी पालिकेत जाऊन तपासायची, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला तयार असल्याचा पालिकेचा दाखला) मागायचं. ते असलेल्या तयार घराला जीएसटीही लागत नाही, बांधकाम चालू असलेल्याला ५ टक्के लागतो.

कोपर_हॉल्ट

ते बरोबर आहे, पण सगळी डोंबिवली तशी नाही हो. आमची इमारत १९८८ ची आहे, कुणीही यावं, बघावं.

कावेरीकाठी

साताऱ्याहून बंगळुरूला आलो तेव्हा हाच प्रश्न होता. इथे डिपॉझिट दहा-दहा महिन्यांचं मागायचे, ते बघूनच विकत घ्यावंसं वाटायचं. तरी आधी भाड्याने राहिलो. फायदा असा झाला की जिथे घेणार होतो तो भाग पावसाळ्यात कसा दिसतो ते कळलं. घेतलं नाही तिथे. मुंबईत तर हे आणखीच खरं असणार, जून ते सप्टेंबर एकदा काढल्याशिवाय कुठल्याही गल्लीबद्दल बोलू नये.

अबोली_नाशिक

सगळ्यांचे आभार. शनिवारी मुलुंडला जाऊन भाड्याची घरं पाहिली, त्याचं सांगते.

पहिलं घर छान, पण एका बेडरूमच्या भिंतीतलं अख्खं कपाट कुलूपबंद. मालकाचं सामान. "ते तसंच राहील, तुम्हाला काय त्रास?" त्याच कपाटामागे ओल. ओट्याखालचा एक कप्पाही त्यांचाच, आत लग्नातली पातेली. भाडं मात्र पूर्ण टू बीएचकेचं. दुसऱ्या ठिकाणी एजंटने फोनवरच आडनाव विचारलं, मग "खाण्यापिण्याचं कसं?" आम्ही मासे खातो म्हटल्यावर तो फ्लॅट संध्याकाळपर्यंत "गेला". तिसरं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सासूबाईंचे गुडघे बघता बादच. शेवटचं बरं वाटलं, दुसरा मजला, लिफ्ट आहे, पण इमारतीच्या दारावर रीडेव्हलपमेंटच्या सभेची नोटीस लागलेली.

हे सगळं बघून नवरा म्हणाला, बघ, स्वतःचं घर का असावं ते.

मुलुंड_पूर्व

नवऱ्याला माझा नमस्कार.

मुलुंडमधे जागा नाकारण्याचा प्रकार २०२३ मधे चांगलाच गाजला होता, तरी सुधारणा फारशी नाही. पूर्वेला मराठी सोसायट्या भरपूर आहेत, एजंट बदला. थेट सोसायटीच्या वॉचमनला आणि इस्त्रीवाल्याला विचारा, त्यांना एजंटच्या आधी कळतं कोण घर सोडतंय.

प्राजक्ती

रीडेव्हलपमेंटबद्दल एक लक्षात घ्या. मुलुंड पूर्वेला जुन्या इमारती एकामागून एक पाडायला चालल्या आहेत. त्यातल्या लोकांना बिल्डर भाडं देतो आणि त्यांना मुलांच्या शाळेमुळे त्याच भागात राहायचं असतं. म्हणून भाडी चढलेली आहेत. ती माणसं दोन-तीन वर्षांनी नव्या इमारतीत परत गेली की भाड्याची घरं सुटतील, शिवाय नव्या इमारतीत विकायचे फ्लॅटही येतील. आत्ता घाईने जुन्या इमारतीतला घेतलात तर त्याच किमतीत पुढे जास्त चांगलं मिळणार नाही असं नाही. उलट, पुनर्विकासाला जाणाऱ्या इमारतीतला फ्लॅट मुद्दाम घेणारेही आहेत, मोठं घर मिळेल म्हणून. पण तोवर तुम्ही राहणार कुठे? भाड्यानेच ना!

दस्तावाली

नोटीस लागलेल्या इमारतीत भाड्याने जायला हरकत नाही, सभेपासून घर रिकामं करायला वेळ लागतो. पण करारात लिहून घ्या की पुनर्विकासासाठी घर सोडायला लागलं तर निदान तीन महिन्यांची सूचना आणि डिपॉझिट किल्ली देताना, त्याच दिवशी.

आणि करार नोंदवाच. ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स नोंदवावा लागतो, नोटरीचा कागद चालत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. नोंदवायची जबाबदारी मालकाची, न नोंदवल्यास शिक्षाही त्यालाच. लेखी नोंदलेला करार नसेल तर भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. हे मालकाला हसत हसत सांगितलं की तो स्वतःच ऑनलाइन नोंदणीला तयार होतो.

खर्च फार नाही. २४ महिने, ४५ हजार भाडं, दोन लाख डिपॉझिट धरलं तर शुल्क २,८०० रुपये आणि नोंदणीचे १,०००. ११ महिन्यांवर अडून बसू नका. २४ किंवा ३६ महिन्यांचा करा, वाढ किती ते आधीच लिहा, आणि लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) दोघांनाही सारखा ठेवा. बरेच मालक भाडेकरूला एक वर्ष बांधतात आणि स्वतः महिन्याच्या सूचनेवर मोकळे.

कुलूपबंद कपाटाचं म्हणाल तर करारात वस्तूंची यादी असते तशी "मालकाच्या ताब्यातला भाग" अशी ओळ टाकून भाडं कमी मागा. नाहीतर सोडा ते घर. उद्या मालक पातेली न्यायला कधीही दारात उभा राहील.

शालिनीमावशी

मी सासू आहे म्हणून लिहिते. माझ्या मुलाने सांगलीचं घर विकून ठाण्याला घेतलं. घर छान आहे, सून चांगली आहे. पण भांडण झालं तर रुसून जायला मला जागा उरली नाही. हसू नका, खरं सांगते. आधी चार दिवस "सांगलीला जाऊन येते" म्हटलं की सगळ्यांचीच डोकी थंड व्हायची.

अबोली, सासूबाईंना "विकायचं का" असं विचारू नकोस. विचार, "तुम्ही वर्षातले किती महिने इकडे, किती तिकडे राहाल?" मग बघ काय सांगतात.

खवचट_काका

मावशींनी माझ्या तीस वर्षांच्या अभ्यासाची वाट लावली.

अबोली_नाशिक

मावशी, तसंच विचारलं. त्या आधी म्हणाल्या "मला काय, कुठेही". मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, पावसाळा आणि दिवाळी नाशिकला, उरलेलं तुमच्याकडे. शेजारच्या काकूंना किल्ली देऊन ठेवायचंही ठरवलंय त्यांनी. म्हणजे केव्हापासून डोक्यात होतं.

मग नवऱ्यासमोर हिशेबनीसांचं गणित मांडलं. तो पावणेपाच टक्क्यांवर अडला, मुंबईत त्याहून जास्तच वाढेल म्हणतो. वाढेलही. पण कंपनीने तीन वर्षांनी परत पाठवलं तर बारा लाख कुठून भरून काढायचे याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी असं ठरलं की नाशिक ठेवायचं, मुलुंडला २४ महिने भाड्याने, आणि हप्ता भरतोय असं समजून २२ हजार दर महिन्याला बाजूला. माझ्या बदलीचं नक्की कळलं की पुन्हा बसायचं. तो अगदी आनंदात नाहीये. एजंटचे फोन अजून घेतो, मी बघते.

हिशेबनीस

२२ हजारांचा एसआयपी पगाराच्या दुसऱ्या दिवशी लावा. "बाजूला टाकू" म्हणून कोणी टाकत नाही, आणि भाडेकरूचं सगळं गणित त्या २२ हजारांवरच उभं आहे. ते खर्च झाले तर मुलुंड_पूर्व जिंकले.

मुलुंड_पूर्व

मी आधीच जिंकलोय. पण या, स्वागत आहे. शाळेचं आधी बघा, मग घर. इथे शाळा बदलणं घर बदलण्यापेक्षा अवघड आहे. शाळेपासून चालत जाता येईल एवढ्याच टापूत भाड्याचं बघा, म्हणजे घर सोडावं लागलं तरी पोराची शाळा तीच राहील. आणि सही करायच्या आधी पाणी यायच्या वेळेला त्या घरी जा. संध्याकाळी दाखवलेल्या घरात नळाला पाणी आहे की टाकीला, ते कळत नाही.

गंगापूर_रोड

नाशिकच्या घराचा विमा काढून ठेवा आणि सासूबाई तिकडे नसताना वीजबिल, घरपट्टी ऑनलाइन भरत राहा. समृद्धी महामार्ग इगतपुरीपासून पुढे सुरू झाल्यापासून शनिवारी सकाळी निघून जेवायला इंदिरानगरात पोचता येतं. नाहीतर पंचवटी एक्सप्रेस आहेच, ठाण्याला थांबते.

अबोली_नाशिक

शाळेत प्रवेश झाला. नोटीसवाल्या इमारतीतलाच फ्लॅट घेतोय, दुसरा मजला. मालकीणबाई तीन महिन्यांच्या सूचनेला तयार झाल्या, वाढ वर्षाला पाच टक्के. पाणी सकाळी साडेसहाला येतं, स्वतः जाऊन पाहिलं. लॉक-इन एक वर्षाचा, दोघांनाही.

फ्रिज, वॉशिंग मशीन, मुलाचा पलंग आणि पुस्तकांचे खोके एवढंच नेणार, बाकी संसार नाशिकलाच राहतोय. मेच्या शेवटच्या आठवड्यात नाशिक ते मुलुंड सामान नेणारा भरवशाचा टेम्पोवाला कोणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सोसायटी सामान दुपारी दोन ते चार चढवू देत नाही म्हणे, तेवढं सांभाळणारा हवा.